मुंबई किती मुक्काम?

सोलापूरच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायला लागून मला सोळा वर्षं झाली. त्याआधीची बारा वर्षं गाडीत गेली, खांद्याला पैशांची बॅग, हातात तिकिटं आणि दिवसभर उभ्यानं. त्यामुळे कुठल्याही दोन गावांमधलं अंतर मला विचारा, मी समोरचं रजिस्टर न बघता सांगते. तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, एक तास. विजापूर शंभर, अडीच तास. पुणे अडीचशे, साडेपाच तास. अक्कलकोटकडची माणसं खिडकीशी वाकून कानडीत ‘एष्टु होत्तु’, किती वेळ, असं विचारतात, विणकरांच्या घरातल्या म्हाताऱ्या तेलुगूत विचारतात, विजापूर वेशीतले चाचा ‘कित्ता टाइम लगता’ म्हणतात. मला तिन्ही भाषांतले आकडे येतात. बाकीची भाषा येत नाही, पण खिडकीत आकड्यांवर भागतं.

हा माझा माज आहे आणि तो मी लपवत नाही. लग्नाला निघणारे पाहुणे आधी मला फोन करतात, मग पत्रिकेवरची वेळ बघतात. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक इंजिनिअर राहतो. त्यानं एकदा मला मोबाइलवरचा नकाशा दाखवून सांगितलं की मावशी, आता तुमची गरज नाही. मी त्याला विचारलं, टेंभुर्णीला गाडी चहाला थांबली की ड्रायव्हर किती वेळानं उठतो, ते दाखवतो का तुझा नकाशा? तो हसला आणि गेला. पुढच्या महिन्यात बायकोला माहेरी सोडायला निघाला, तेव्हा जिन्यात थांबून मलाच विचारत होता.

मग सोलापुरातून मुंबईला विमान सुरू झालं. होटगी रोडवरचा विमानतळ इतकी वर्षं नुसता नावाला होता, तिथून खरोखर विमान उडायला लागलं, तर लोक त्याची चौकशी करायला माझ्या खिडकीत यायला लागले. एस.टी.च्या खिडकीत विमानाची वेळ विचारणारी माणसं आमच्याच गावात असतील. पहिल्या दिवशी मी चिडले, दुसऱ्या दिवशी माहिती काढली आणि तिसऱ्या दिवसापासून सांगायला लागले. रस्त्यानं चारशे किलोमीटर, आठ तास. विमानानं एक तास पाच मिनिटं. हे ‘पाच मिनिटं’ मी अशा थाटात म्हणायचे की जणू विमान मीच चालवून आले आहे.

या सगळ्याचं ज्याला काडीचं कौतुक नव्हतं असा माणूस एकच, माझे वडील. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आमचं गाव सांगोल्याच्या पुढं, जिथं विहिरी खोल आणि पाणी थोडं. घरात मेंढरं. दिवाळी झाली की आबा कळप घेऊन निघायचे ते पार पनवेलपर्यंत जायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत फिरायचे. अशी चाळीस वर्षं ते त्या वाटेनं चालले. लहानपणी दोन वर्षं मीही चालले, मग त्यांनीच मला गावात ठेवून शाळेत घातलं. अंतर त्यांना किलोमीटरमध्ये कळत नाही आणि तासात तर मुळीच नाही. ते मुक्काम मोजतात. इंदापूर सहा मुक्काम. पनवेल पंचवीस. वाटेत मेंढी व्याली तर एक मुक्काम वाढवायचा. मी कंडक्टर झाल्यावर एकदा त्यांना विचारलं होतं की एक मुक्काम म्हणजे नेमके किती किलोमीटर. ते म्हणाले, नवं कोकरू चालेल तेवढे. मी तेव्हा खूप हसले होते आणि हा हिशेब कुठल्याही वेळापत्रकात बसणार नाही असं त्यांना सुनावलं होतं.

आता माझ्या मुलीचं सांगते, कारण हे सगळं तिच्यासाठी चाललं आहे. ती नर्स आहे. सोलापुरातल्याच एका दवाखान्यात तिनं तीन वर्षं काढली, रात्रपाळ्या करून वर जर्मन भाषेचा क्लास केला, परीक्षा दिली आणि एका रविवारी दुपारी ताटावर बसल्या बसल्या तिनं सांगितलं की जर्मनीत काम मिळालंय, दोन वर्षांचा करार, म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात. नवऱ्याचा घास हातात राहिला. तो चादरीच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, यंत्रांच्या आवाजात राहून त्याला फार बोलायची सवय उरलेली नाही. बोलायचं काम घरात माझ्याकडे असतं आणि मी बोलले.

मी म्हणाले, “परक्या मुलखातल्या म्हाताऱ्यांची घाण काढायला शिकवलं का तुला एवढं?”

तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला नाही, आवाज चढवला नाही. म्हणाली, “आई, मी नर्स आहे. इथंही तेच करते.” आणि जेवण पुरं करून, ताट घासून उठली.

मला भीती वाटली होती, बाकी काही नव्हतं. साऱ्या जगाला अंतर सांगणाऱ्या बाईला आपली पोरगी किती लांब चालली आहे हे ऐकायचं नव्हतं. पण भीती वाटली की माझ्या तोंडून भीती निघत नाही, वार निघतो. आणि वार कुठला, तर जो माझ्यावर झाला होता तोच. मी एस.टी.त लागले तेव्हा आमच्या भावकीतल्या माणसांनी आबांना येऊन सांगितलं होतं, पोरगी परक्या बाप्यांत धक्के खात फिरणार, याच्यासाठी शिकवली का? आबांनी त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी मला डेपोपर्यंत सोडायला आले. हे मी विसरले होते असं नाही. रविवारी ते वाक्य तोंडातून सुटलं त्याच क्षणी मला आठवलं. तरी मी ते मागे घेतलं नाही. खिडकीत बसणाऱ्या माणसाला एक खोड लागते, दिलेलं उत्तर बदलायचं नाही.

त्यानंतर दोन महिने आम्ही दोघी अगदी नीट वागत होतो आणि तेच वाईट होतं. डबा झाला का, झाला. औषध घेतलंस का, घेतलं. तिच्या बॅगा भरून देताना मी शेंगाचटणीचे चार पुडे केले, कडक भाकरीची चवड बांधली, कुठल्या बॅगेत किती वजन हे काट्यावर तोललं. पण ते एक वाक्य घरात तसंच पडून होतं. रोज सकाळी वाटायचं आज बोलू आणि रोज ड्युटीची वेळ व्हायची.

तिचं विमान गुरुवारी संध्याकाळी सव्वाआठला मुंबईहून होतं. मुंबईत काही कागदपत्रांची कामं होती म्हणून नवरा आणि ती सोमवारीच रेल्वेनं निघाले. मी जाणार नव्हते. रजा नाही, हे मी कारण दिलं होतं आणि ते खोटं आहे हे तिघांनाही माहीत होतं. रिक्षा खाली उभी होती. तिनं वाकून नमस्कार केला, मी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, पाण्याची बाटली घेतलीस ना. ती हो म्हणाली आणि जिना उतरली. मी गॅलरीत गेले नाही. आत येऊन डाळ शिजत ठेवली.

बुधवारी सकाळी ड्युटीला निघण्याआधी मी गावाकडे फोन लावला. म्हटलं आबांशी बोलावं, पोरीला त्यांनी फोनवर आशीर्वाद द्यावा. फोन वहिनीनं उचलला. ती म्हणाली, आबा न्हाईत, ते काल सकाळीच गेले. कुठं गेले? तर मुंबईला. मी खुर्चीत बसले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे धरलेले, खांद्यावर घोंगडी टाकून, हातात काठी घेऊन एकटा मुंबईला निघाला आणि घरच्यांनी जाऊ दिला. मी वहिनीला जे बोलायचं ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुमीच थांबवून बघा की एकदा त्यांना.

आबांकडे बटणांचा फोन आहे. सातव्या वेळी त्यांनी उचलला. ते इंदापूरच्या अलीकडे एका बागाईतदाराच्या घरी होते. ज्याच्या रानात खतासाठी ते चाळीस वर्षं मेंढरं बसवत आले, त्याच्या मुलाच्या घरी रात्रीचा मुक्काम केला होता, ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं कालवण खाल्लं होतं आणि आता पुढच्या गाडीची वाट बघत होते. पुढचा मुक्काम पनवेलला, तिथल्या अशाच एका ओळखीच्या घरी. त्या घरातला मुलगा टेम्पो चालवतो, तो गुरुवारी विमानतळावर आणून सोडणार होता. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी.त तिकीट पडत नाही हे त्यांना मीच सांगितलेलं, त्याचा असा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. सगळी व्यवस्था चोख होती. ज्या वाटेवर माझ्याकडे नुसते थांब्यांचे आकडे होते, त्या वाटेवर त्यांच्याकडे घरं होती.

मी म्हटलं, आबा, एवढा खटाटोप कशाला, फोनवरून दिला असता की आशीर्वाद. त्यांनी सांगितलं की आपल्यात लांबच्या वाटेला निघणाऱ्याच्या कपाळाला भंडारा लावल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत. त्यांच्या आईनं त्यांना कधी तसं सोडलं नाही, त्यांनी मला सोडलं नाही. फोनमधून बोलणं पोचतं, पण कपाळ हाताला लागत नाही. मग ते म्हणाले, “तू कवा निगतीस?”

मी म्हणाले, मी जात नाही. रजा नाही, आठ तासांचा प्रवास आहे, उद्यापर्यंत कुठं जमायचं. आणि मग, काय सुचलं कोणास ठाऊक, बहुधा त्यांच्या त्या मुक्कामाच्या व्यवस्थेपुढं आपलंही काही दाखवावं म्हणून, मी म्हटलं, तुम्ही उगीच तीन दिवस घालवताय, आता मुंबई तासाभरावर आलीय, विमानानं एक तास पाच मिनिटं.

आबांच्या मागे गाडीचा हॉर्न वाजत होता.

“तासाभराचीच वाट हाय, तर हितं बसलीस कशाला?” ते म्हणाले. “तिला काय बोललीस ते मला म्हाईत हाय. ती न्हाय बोलली, जावई बोलला. फोन ठेवतो, गाडी आली.”

आयुष्यात फार कमी वेळा मला कोणी गप्प केलं आहे आणि केलं आहे ते याच माणसानं. मग मी उठले, वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरचं दार वाजवलं आणि त्याला गुरुवारच्या दुपारच्या विमानाचं तिकीट काढायला सांगितलं. डेपोत जाऊन साहेबांसमोर रजेचा अर्ज ठेवला. कारणाच्या रकान्यात मी ‘मुलीला भेटणे’ असं लिहिलं. साहेबांनी लगेच सही केली. म्हणजे रजा मिळत होती.

नवऱ्याला फोन करून सांगितलं की येतेय. त्याला बजावलं, तिला सांगायचं नाही. मला तिला चकित करायचं होतं. दुपारी पावणेदोनला मुंबईत उतरायचं, टॅक्सी करायची, तीनच्या आत तिच्यासमोर उभं राहायचं, तिच्या हातात दोन तास मोकळे, त्या दोन तासांत जे सांगायचं ते सांगायचं. पाच वाजता ती आत जाणार. मी हे सगळं एका कागदावर लिहून काढलं, जसं आमच्या गाड्यांचं लिहिते. सुटणे, पोहोचणे, मध्ये राखीव वेळ. राखीव वेळ एक तास पंधरा मिनिटं. कुठल्याही मार्गाला आम्ही एवढा वेळ देत नाही.

गुरुवारी मी इस्त्रीची साडी नेसून अकरा वाजताच होटगी रोडला हजर होते. आयुष्यातलं पहिलं विमान, पण मी कोणाला तसं दिसू दिलं नाही. तपासणीत पिशवीतला अडकित्ता त्यांनी काढून घेतला, तेव्हा मात्र थोडा वाद झाला. बारा वाजले. बारा चाळीस, म्हणजे माझ्या कागदावर ‘सुटणे’, तेही वाजून गेले. काचेबाहेरची धावपट्टी रिकामी होती, पलीकडे नुसता माळ आणि ऊन. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, विमान कुठे आहे? ती म्हणाली, मॅडम, ते अजून मुंबईहून निघालेलं नाही. सकाळी तिथं धुकं होतं, त्यामुळे सगळीच विमानं मागे पडलीत.

मला काय वाटलं ते सांगते. लाजेनं मेल्यासारखं झालं. अठ्ठावीस वर्षांत मी किती प्रवाशांना सांगितलं असेल की अहो, गाडी पलीकडून आलीच नाही तर सुटेल कुठून? रोज सांगते. आमच्या धंद्यातली ही पहिली गोष्ट, पोरसवदा कंडक्टरलाही कळते. आणि मी कागदावर सुटण्याची वेळ लिहिली, पोहोचण्याची लिहिली, पण जिच्यात बसायचं ती गाडी आधी चारशे किलोमीटर इकडे यायची आहे, हे लिहिलंच नव्हतं. एक तास पाच मिनिटं म्हणत फिरले, त्याच्या अलीकडचा वेळ कोणाचा असतो हे विसरून.

मग मी तेच केलं जे माझ्या खिडकीत सगळे करतात. दर दहा मिनिटांनी जाऊन विचारलं, आता किती वाजता? चौथ्या वेळी त्या मुलीनं माझ्याकडे जी नजर टाकली, ती मला चांगली ओळखीची होती. तशी नजर मी रोज टाकते. मी मुकाट्यानं जागेवर येऊन बसले.

बसल्या बसल्या मी मोबाइल काढला आणि दोन महिने जे बघितलं नव्हतं ते बघितलं. मुंबई ते जर्मनीतलं तिचा पहिला विमानतळ, किती लांब. साडेसहा हजार किलोमीटर, उडायला नऊ तास. आकडा समोर आला की मला बरं वाटतं, मग तो कितीही मोठा असो. मी मनातल्या मनात आबांच्या हिशेबानं भागाकार केला. दिवसाला बारा-तेरा किलोमीटर धरले तर पाचशे मुक्काम. दीड वर्षाच्या आसपास. म्हणजे आबा आज मेंढरं घेऊन पायी निघाले तरी तिचा करार संपायच्या आत पोहोचतील. मी एकटीच हसले. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं माझ्याकडे बघितलं आणि तिची पर्स जवळ घेतली.

दोन वाजले, तीन वाजले. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं की उशीर होतोय आणि आता तिला सांगितलं तरी चालेल. तो म्हणाला, मी कालच सांगितलंय. आबा येऊन पोहोचले होते. टेम्पोवाल्यानं त्यांना अगदी दारात उतरवलं होतं, एक वाजता. माझ्या आधी. आयुष्य मेंढ्यांमागे घालवलेला, किलोमीटर न कळणारा माणूस दोन मुक्काम करून वेळेच्या चार तास आधी मुंबईत हजर होता आणि मी सोलापूरच्या हद्दीतच बसून होते.

विमान आलं ते साडेतीनला. सुटलं चारच्या जरा आधी. खिडकीची जागा मिळाली होती. खाली उजनीचं पाणी दिसलं, त्याच्या कडेनं उसाची रानं, मग माळ, मग डोंगर. आबा जी वाट पंचवीस मुक्कामांनी चालायचे ती माझ्या डोळ्यांखालून चालली होती आणि मला तिच्यातलं एकही घर ओळखू येत नव्हतं. बरोबर एक तास पाच मिनिटांनी आम्ही उतरलो. ते तेवढं मी खरं सांगत होते.

तिच्या विमानाचं दार दुसऱ्या इमारतीत, त्यासाठी टॅक्सी, टॅक्सीसाठी रांग आणि रांगेनंतर रस्ताभर लाल दिवे. ड्रायव्हरला मी दोनदा विचारलं किती वेळ लागेल. तो म्हणाला, ताई, मुंबईत असं सांगता येत नाही. अशी उत्तरं मी माझ्या खिडकीत कोणाला दिली असती तर माझी तक्रार झाली असती. पावणेसहाला मी टॅक्सीतून उतरले आणि धावले. पन्नाशीच्या बाईनं, इस्त्रीच्या साडीत, हातात शेंगाचटणीचा पाचवा पुडा घेऊन धावणं कसं दिसत असेल ते दिसो.

नवरा आणि आबा दोघेच एका खांबाशी उभे होते. आबांच्या खांद्यावर घोंगडी, उजव्या हाताची बोटं पिवळी. ती नव्हती.

नवरा म्हणाला, दहा मिनिटं झाली. ती जात नव्हती, साडेपाच उलटले तरी दारातून हलेना. तिच्याबरोबरच्या मुली केव्हाच आत गेल्या होत्या, आतून तिला फोन करत होत्या. शेवटी आबांनीच तिला जायला लावलं. मी आबांकडे वळले. रागानं माझा आवाज फाटला. मी म्हणाले, तुम्ही तीन दिवस प्रवास करून आलात तिच्यासाठी आणि तिला दहा मिनिटं थांबवता आलं नाही तुम्हाला?

“इमान थांबत न्हाय,” आबा म्हणाले. “पोरीचा जीव अर्धा आत, अर्धा भाईर. तसं कुनाला उबं ठेवू नये. मी म्हनलं, जा, तुजं काम कर. तुजी आई येतीया, वाट चुकणारी न्हाय ती.”

मी फोन काढला. नाव सापडत नव्हतं, नवऱ्यानं लावून दिला. ती म्हणाली, आई, कुठे आहेस? मी म्हणाले, दाराबाहेर. ती म्हणाली, थांब, मी अजून तपासणीला गेले नाही, काचेपाशी येते, डावीकडच्या. आम्ही तिघं डावीकडे गेलो. इमारतीची भिंत सगळी काचेची आहे. आत दिवे, गर्दी, ट्रॉल्या. त्यातून ती पाठीवर सॅक घेऊन काचेच्या अगदी जवळ आली. कपाळभर भंडारा, थोडा नाकावर सांडलेला. तो पुसून टाकण्याइतकीही ती बदललेली नव्हती. मधे काच होती आणि दोघींच्या कानाला फोन.

मी प्रवासाचं काही सांगितलं नाही. विमान, धुकं, रस्ता, काहीच नाही. मी म्हणाले, “त्या रविवारी मी तुझ्या कामाला वाईट बोलले. भीती वाटली म्हणून बोलले. ते काम चांगलं आहे. माझं चुकलं.”

आयुष्यात हे शेवटचे दोन शब्द मी याआधी कोणाला म्हणाल्याचं मला आठवत नाही. नवऱ्याला नाही, साहेबांना नाही. मागे माणसं उभी होती, सामान ढकलत होती, कोणी तरी मला बाजूला व्हायला सांगत होतं. मी झाले नाही.

काचेपलीकडे तिनं फोन कानाशी घट्ट धरला आणि म्हणाली, “आई, आवाज तुटतोय. परत बोल.”

मी परत बोलले, सगळं, पहिल्यापासून. पहिल्याच वेळी तिला नीट ऐकू आलं होतं हे मला तिच्या तोंडावरून कळत होतं. तिचे डोळे भरले होते आणि ती गालातल्या गालात हसत होती. ती म्हणाली, अजून नाही आलं ऐकू. मी तिसऱ्यांदा बोलले.